गाडी तीच, साल वेगळे

माझा धाकटा भाऊ आठवडी बाजारांत तयार कपडे विकतो. सकाळी कारंजाहून निघायचे, मोटारसायकलच्या मागच्या सीटवर दोन गाठोडी करकचून बांधायची आणि आज मानोरा, उद्या शेलूबाजार, परवा मंगरूळपीर असे फिरायचे. त्याची रोजी त्या दोन चाकांवर आहे. गाडी उभी राहिली की बाजार बुडतो, आणि बाजार बुडला की त्या आठवड्याचा किराणा उधारीवर येतो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ही गाडी सलग अकरा दिवस उभी राहिली. गाडी जुनी नव्हती आणि मिस्त्रीही नवखा नव्हता. मिस्त्री म्हणजे आमचे सख्खे चाचा. तीस वर्षांपासून त्यांचे गॅरेज आहे. इंजिनाला कान लावून ते टॅपेट वाजतो की टायमिंग चेन, हे सांगतात. मालेगाव आणि रिसोडकडून लोक त्यांच्याकडे गाडी घेऊन येतात.

झाले ते एवढेच. गाडीचा सेल्फ लागेना. चाचांनी चार किक मारल्या, गाडी चालू झाली. बॅटरी चार्ज होते की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी चालू इंजिनात बॅटरीची एक वायर काढली. आयुष्यात हजार वेळा केलेली ही तपासणी. वायर काढूनही इंजिन चालत राहिले तर मॅग्नेट करंट देतो आहे, असा त्यांचा साधा हिशेब. या वेळी मात्र इंजिन जागीच बंद पडले आणि पुन्हा चालू झाले नाही. प्लग बदलला, कॉइल बदलली. शेजारच्याची त्याच नावाची, त्याच रंगाची गाडी आणून तिचा सीडीआय लावून पाहायचे ठरले, तर त्याचा सॉकेटच बसेना. चाचा गोंधळले. "बेटा, गाडी तर तीच आहे," ते मला म्हणाले, "मग सामान वेगळे कसे?"

मी दोन्ही गाड्यांची आरसी मागवली आणि शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही गाड्या २०२० च्या. पण शेजाऱ्यांची गाडी २०१९ मध्ये तयार होऊन फेब्रुवारी २०२० मध्ये नोंदलेली होती आणि तिच्यापुढे 'भारत स्टेज ४' असे लिहिले होते. भावाची सप्टेंबर २०२० ची, 'भारत स्टेज ६'. नाव एक, स्टिकर एक, टाकी एक. पण आतली गाडी वेगळी. पुढे सर्व्हिस सेंटरवर कळले की चालू इंजिनात बॅटरीची वायर काढल्याने व्होल्टेज उसळले असावे आणि इंजिनाचे नियंत्रण करणारा छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, निकामी झाला. नव्या ईसीयूला काही हजार रुपये लागले. चाचांनी निम्मे पैसे स्वतःच्या खिशातून दिले. भाऊ नको नको म्हणत होता. "चूक माझ्या हाताने झाली," एवढेच ते बोलले.

ही गोष्ट एका घरची असली तरी वाशिम जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत अशी गाडी आहे आणि कितीतरी घरांत असा मिस्त्री आहे. म्हणून हा सगळा बदल नेमका काय आहे, हे मुळापासून समजून घेऊ.

एक नाव, तीन पिढ्या

आपल्या देशात गाडीच्या धुरावर मर्यादा घालण्याची सुरुवात १९९१ मध्ये झाली. पुढे २००० पासून युरोपच्या धर्तीवर टप्पे ठरले आणि त्यांना 'भारत स्टेज' हे नाव मिळाले. त्यालाच आपण बीएस म्हणतो. दुचाकींसाठी बीएस २ हा टप्पा एप्रिल २००५ मध्ये, बीएस ३ एप्रिल २०१० मध्ये आणि बीएस ४ एप्रिल २०१७ मध्ये सर्व गाड्यांना लागू झाला. त्यानंतर सरकारने बीएस ५ हा टप्पा वगळून थेट बीएस ६ आणायचे ठरवले आणि १ एप्रिल २०२० ही तारीख पक्की केली.

या तारखा न्यायालयाच्या दारातून गेलेल्या आहेत. २९ मार्च २०१७ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने आदेश दिला की १ एप्रिलपासून बीएस ३ गाडी विकता येणार नाही आणि नोंदताही येणार नाही. त्या वेळी कंपन्यांकडे आणि विक्रेत्यांकडे अशा सुमारे ८ लाख २४ हजार गाड्या पडून होत्या. त्यांपैकी ६ लाख ७१ हजारांच्या आसपास दुचाकी होत्या. हातात दोन दिवस उरले होते. कंपन्यांनी हजारो रुपयांची सूट जाहीर केली आणि शोरूमसमोर रांगा लागल्या. ते दोन दिवस अनेकांना अजून आठवत असतील.

तीन वर्षांनी तसाच प्रसंग आला, पण या वेळी टाळेबंदीत. बीएस ४ गाड्या ३१ मार्च २०२० पर्यंतच विकायच्या होत्या आणि २५ मार्चला देश बंद झाला. सर्वोच्च न्यायालयाने आधी थोडी सवलत दिली, नंतर जुलैमध्ये ती मागे घेतली. ऑगस्टमध्ये, मुदतीत विकलेल्या आणि ई-वाहन पोर्टलवर चढवलेल्या गाड्यांच्या नोंदणीचा मार्ग मोकळा झाला. म्हणून २०२० हे साल असे आहे की एकाच वर्षात, एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या गाड्या रस्त्यावर आल्या. "गाडी २०२० ची आहे" एवढ्याने काहीच कळत नाही. पुढचा प्रश्न विचारावा लागतो: बीएस ४ की बीएस ६?

यानंतरही बदल थांबलेले नाहीत. एप्रिल २०२३ पासून बीएस ६ चा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात गाडीने आपल्या यंत्रणेतले बिघाड अधिक बारकाईने स्वतः ओळखावेत, अशी अट आली. एप्रिल २०२५ पासून त्याची पुढची पायरी लागू झाली.

धुराचा नियम वायरिंगपर्यंत कसा पोचला?

नियम धुराचा आणि बदलले वायरिंग, असे का झाले? उत्तर सायलेन्सरमध्ये आहे.

पेट्रोल जळताना तीन घातक गोष्टी बाहेर पडतात: कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल म्हणजे हायड्रोकार्बन, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे. त्यांना निरुपद्रवी करण्यासाठी सायलेन्सरच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाची जाळी बसवतात. तिच्यावर मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. पण या जाळीला तिन्ही विषे एकाच वेळी मारायची असतील तर एक अट असते. इंजिनात जाणाऱ्या हवेचे आणि पेट्रोलचे प्रमाण अगदी नेमके हवे. शुद्ध पेट्रोलसाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा.

कार्ब्युरेटरला हे सतत जमत नाही. तो हवेच्या ओढीवर पेट्रोल सोडतो. उन्हाळ्यात वाशिमच्या रस्त्यावर दुपारी आणि हिवाळ्यात पहाटे तेच प्रमाण राहत नाही. मिस्त्रीने स्क्रू फिरवला की तेही बदलते. बीएस ४ पर्यंतच्या मर्यादा कार्ब्युरेटरवर निभावल्या. बीएस ६ ने मात्र नेहमीच्या छोट्या मोटारसायकलींसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला ०.३९ ग्रॅमवरून ०.०६ ग्रॅमवर आणली, म्हणजे जवळजवळ सहाव्या भागावर. युरोपने दुचाकींसाठी लावलेल्या युरो ५ नियमाची मर्यादा हीच आहे. कारंजाच्या बाजारातली मोटारसायकल आज पॅरिसच्या मापाने मोजली जाते, असे म्हटले तरी चालेल.

एवढे नेमके काम करायला बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन, म्हणजे एफआय, आले. टाकीत विजेवर चालणारा पंप बसला. तो दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. इंजेक्टर ते फवाऱ्यासारखे सोडतो. किती सोडायचे हे ईसीयू ठरवतो. त्यासाठी त्याला इंजिन किती तापले, अॅक्सिलरेटर किती उघडला, हवेचा दाब किती, क्रँक कोणत्या जागी आहे, ही माहिती सेन्सर देतात. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर जळालेल्या धुरात किती ऑक्सिजन उरला ते सांगतो आणि ईसीयू पुढचा फवारा कमीजास्त करतो. हे सगळे विजेवर चालते. म्हणजे गाडीला आता पेट्रोल जितके लागते तितकीच चांगली बॅटरीही लागते.

आता जुन्या गाडीशी तुलना करा. बीएस ३ च्या काळातल्या बहुतेक १०० सीसी गाड्यांत मॅग्नेटमधली एक कॉइल थेट सीडीआयला करंट द्यायची आणि ठिणगी पडायची. हेडलाइटही अनेकदा थेट मॅग्नेटवर असायचा, म्हणून रेस दिली की उजेड वाढायचा. बॅटरी होती ती हॉर्न, इंडिकेटर आणि सेल्फसाठी. बॅटरी पूर्ण मेली तरी किक मारून माणूस घरी यायचा. कित्येक गाड्या वर्षानुवर्षे बॅटरीशिवाय फिरल्या.

मधली पिढी बीएस ४ ची. एप्रिल २०१७ पासून हेडलाइट इंजिनासोबत आपोआप लागतो आणि बंद करायचे बटण राहिले नाही. आजही समोरून येणारा माणूस हाताने खूण करून "लाइट चालू आहे" सांगतो, तो या बदलामुळेच. दिवा सतत जळायचा म्हणून चार्जिंगचा हिशेबही बदलला. टाकीतून उडणारी पेट्रोलची वाफ पकडण्यासाठी कोळशाचा डबा आला. त्याच्या नळ्या पाहून काही मिस्त्री तो डबा "फालतू" म्हणून काढून टाकत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस आणि लहानांना दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस ही व्यवस्था सक्तीची झाली. एबीएसने चाकाजवळ आणखी एक सेन्सर आणि मीटरमध्ये आणखी एक दिवा आणला.

जुनी सवय, नवी गाडी

चाचांची चूक अडाणीपणाची नव्हती. जी सवय एका पिढीच्या गाडीत बरोबर होती, तीच दुसऱ्या पिढीत नुकसानीची ठरली. अशा आणखी काही सवयी आहेत. घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याने त्या जाणून घ्याव्यात.

चालू इंजिनात बॅटरीची वायर काढू नये. चार्जिंग पाहायचे तर मल्टिमीटर लावावा. काही शे रुपयांत मिळणाऱ्या या यंत्राने उत्तर स्वच्छ मिळते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की तो साधारण १४ च्या आसपास जातो. गेला नाही तर दोष चार्जिंगमध्ये आहे.

बल्बचा टेस्ट लॅम्प सेन्सरच्या वायरीला लावू नये. त्या वायरीतून अगदी कमी करंट जातो आणि बल्ब त्यापेक्षा जास्त ओढतो. इथेही मल्टिमीटरच हवा.

ट्रकच्या २४ व्होल्टच्या बॅटरीवरून दुचाकी चालू करण्याचा प्रयत्न करू नये. फ्रेमला किंवा स्टँडला वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीयूचा सॉकेट काढून ठेवावा.

जोरदार हॉर्न, जास्तीचे एलईडी दिवे, मोबाइल चार्जर यांसाठी मूळ वायर सोलून जोड देऊ नये. आपल्याकडे लग्नसराईत गाड्या सजतात आणि बिघाडांची सुरुवात तिथूनच होते. जोडणी करायचीच असेल तर वेगळा फ्यूज आणि रिले वापरावा.

गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा सॉकेटांवर आणि सीटखाली मारू नये.

टाकी नेहमी तळाला जाऊ देऊ नये. एफआय गाडीचा पंप टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो. "पन्नासचे टाक" ही सवय इथे महाग पडते.

आणि एक चांगली सवय. एफआय गाडीची चावी फिरवल्यावर लगेच सेल्फ मारू नका. दोन-तीन सेकंद थांबा. पंपाचा बारीक आवाज येऊन थांबतो, मीटरवरचा इंजिनाच्या चित्राचा दिवा लागतो. इंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. चालताना तो पुन्हा लागला तर गाडी काहीतरी सांगते आहे. बऱ्याच गाड्यांत तो दिवा ठरावीक वेळा लुकलुकून बिघाडाचा क्रमांक दाखवतो. त्यावर चिकटपट्टी लावणे हा इलाज नव्हे.

पैसे देण्याआधी साल पाहा

आपल्या भागात बहुतेक घरांत पहिली गाडी सेकंड हँड येते. कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी, नव्याने कामाला लागलेल्या मुलासाठी, शेतात ये-जा करणाऱ्या अब्बांसाठी. घेताना आपण रंग पाहतो, टायर पाहतो, किती किलोमीटर पळाली ते विचारतो. आधी तिचे साल आणि तिची पिढी पाहावी.

आरसीवर गाडी तयार झाल्याचा महिना आणि वर्ष असते आणि अलीकडच्या आरसीवर धुराचा टप्पाही असतो. सरकारच्या एम-परिवहन अॅपवर नंबर टाकूनही हे दिसते. तिसरी खूण चेसिस नंबरची. बहुतेक कंपन्यांत सतरा अक्षरांच्या चेसिस नंबरातले दहावे अक्षर साल सांगते: एच म्हणजे २०१७, जे म्हणजे २०१८, के म्हणजे २०१९, एल म्हणजे २०२०, एम म्हणजे २०२१, एन म्हणजे २०२२, पी म्हणजे २०२३. आरसीवरचा नंबर आणि फ्रेमवर ठोकलेला नंबर एकच आहे का, हे हाताने पुसून, मोबाइलच्या उजेडात पाहावे.

मग आपली गरज ठरवावी. जवळच्या गॅरेजात फक्त कार्ब्युरेटरचे काम होते आणि गाडी शेतात चिखलात चालवायची आहे, तर चांगल्या अवस्थेतली बीएस ४ गाडी सोपी पडेल. रोजचे लांब अंतर आहे, गाडी बरीच वर्षे ठेवायची आहे आणि एफआय जाणणारा मिस्त्री जवळ आहे, तर बीएस ६ घ्यावी. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्याला सोसणाऱ्या सामानाने बनवल्या आहेत. त्याआधीच्या गाडीत रबरी नळ्या, वायसर आणि कार्ब्युरेटरचे पॅकिंग वेळोवेळी तपासत राहावे. फार जुनी गाडी स्वस्त दिसते, पण पंधरा वर्षे झाली की तिची नोंदणी पाच वर्षांसाठी पुन्हा करून घ्यावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. तो खर्च किमतीत धरा.

गाडी एमएच-३७ ची, म्हणजे आपल्या वाशिमची, की अकोल्याची एमएच-३०, यवतमाळची एमएच-२९, हिंगोलीची एमएच-३८, हेही पाहा. कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ आणि नाव बदलण्याचे फॉर्म २९ व ३० सहीसह हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

विकणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. मीटरवरचा दिवा पेटू नये म्हणून बल्ब काढून गाडी विकणारे लोक आहेत. मालातला ऐब लपवू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. ईसीयू बदलला असेल, वायरिंग जोडलेले असेल तर तसे सांगून दोन हजार कमी घ्यावेत. गाडी घेणारा बहुधा आपल्यासारखाच रोजीवाला असतो.

सामान घेतानाही साल सांगा. दुकानात फक्त गाडीचे नाव सांगितले तर दुकानदार अंदाजाने पार्ट देतो. रेग्युलेटर, सीडीआय, स्टार्टर रिले, स्पीड सेन्सर हे बाहेरून सारखे दिसतात. आतली जोडणी आणि सॉकेट वेगळे असते. कधी सॉकेट बसतो आणि तरी आतला हिशेब वेगळा असतो. ते जास्त घातक. म्हणून आरसीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि जुना पार्ट सोबत न्यावा.

घराच्या दारातला धूर

हे नियम कशासाठी, हेही पाहू. पेट्रोलियम मंत्रालयाच्या पाहणीत २०१४ मध्ये आढळले होते की देशातल्या पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के दुचाकी जाळतात. म्हणजे गल्लीतल्या पेट्रोलच्या धुराचा मोठा वाटा ट्रकचा किंवा मोटारीचा नाही, आपल्याच दारातल्या गाडीचा आहे. तो धूर सायलेन्सरच्या उंचीवर, म्हणजे अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या तोंडाजवळ निघतो.

इंधनही त्याबरोबर बदलले. बीएस ३ च्या पेट्रोलमध्ये दहा लाख भागांत १५० भाग गंधक चालत असे, बीएस ४ मध्ये ५०, आणि एप्रिल २०२० पासून देशभर फक्त १०. गंधक कमी झाले तरच ती सायलेन्सरमधली जाळी टिकते. सायलेन्सर फोडून "आवाज मोठा" करणारी पोरे हीच जाळी काढून फेकतात. मग गाडी बीएस ६ राहत नाही. फक्त कागद बीएस ६ चा राहतो.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. थंडीच्या दिवसांत पडवीत किंवा बंद खोलीत गाडी चालू करून इंजिन गरम करत ठेवू नका. गाडी नवी असली तरी नाही. आधी बाहेर काढा, मग चालू करा.

पीयूसीचे लक्षात ठेवायला सोपे आहे. नव्या गाडीला पहिले वर्ष ते लागत नाही. त्यानंतर बीएस ४ आणि बीएस ६ गाडीचे प्रमाणपत्र वर्षभर चालते. त्याआधीच्या गाडीचे सहा महिने. पीयूसीच्या वेळी नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घालायला सांगा. न तपासता मिळालेला कागद पोलिसाला दाखवता येतो, पण गाडी जास्त पेट्रोल पिते की नाही हे त्यातून कळत नाही. कार्बन मोनॉक्साइड जास्त आले, तर पेट्रोल अर्धवट जळते आहे आणि तुमचे पैसे धुरात जात आहेत.

मिस्त्रींचे काय?

आता सगळ्यांत महत्त्वाचे. कारंजा असो, रिसोड असो की मंगरूळपीर, दुचाकीच्या गॅरेजात आपल्या समाजातली पोरे मोठ्या संख्येने आहेत. बारा-चौदा वर्षांचा मुलगा उस्तादांकडे पाना द्यायला लागतो आणि बघत बघत शिकतो. ही शिक्षणाची पद्धत कार्ब्युरेटरच्या काळात पुरली, कारण दोष डोळ्यांना दिसायचा, हाताला लागायचा, कानाला ऐकू यायचा. सेन्सरचा दोष दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. तो मोजावा लागतो आणि वाचावा लागतो. बीएस ६ गाड्या आता वॉरंटीतून बाहेर पडून मोठ्या संख्येने छोट्या गॅरेजांकडे येत आहेत. जो वाचेल त्याचे गॅरेज चालेल. जो म्हणेल "आमच्याकडे हे काम होत नाही", त्याचे गिऱ्हाईक हळूहळू निघून जाईल.

यात घाबरण्यासारखे काही नाही. चाचांच्या अनुभवाची किंमत आजही आहे. बेअरिंगचा आवाज, क्लचची पकड, चेनचा ताण, टॅपेटचे माप स्कॅनर सांगत नाही. फक्त त्या अनुभवाला नवी भर हवी. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे अभ्यासक्रम आहेत. दुचाकी सर्व्हिस तंत्रज्ञ अशी मान्यताप्राप्त पात्रताही आहे. वाहन उद्योगाच्या कौशल्य परिषदेने ती तयार केली आहे. आधीपासून काम येणाऱ्या मिस्त्रींसाठी त्यांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात जाऊन चौकशी करावी. आणि ज्या घरात मुलगा गॅरेजात जातो त्या घराने एवढे करावे: त्याची दहावी सुटू देऊ नये. बिघाडाचा क्रमांक वाचायला आणि वायरिंगचा नकाशा समजायला शाळा लागते.

आमच्या चाचांनी त्या अकरा दिवसांनंतर दोन वस्तू घेतल्या: एक मल्टिमीटर आणि एक साधा स्कॅनर. स्कॅनरवरची अक्षरे इंग्रजीत येतात. चाचा उर्दू वाचतात, मराठीही वाचतात. इंग्रजी त्यांना येत नाही. आमची चुलत बहीण डिप्लोमाला आहे. तिने जवळजवळ चाळीस बिघाडांचे क्रमांक एका वहीत मराठीत लिहून दिले: कोणता क्रमांक, कोणता सेन्सर, तो गाडीत कुठे असतो, काय तपासायचे. वही गॅरेजात खिळ्याला टांगलेली असते. ग्रीसचे ठसे पडून तिची पहिली पाने काळी झाली आहेत.

मागच्या महिन्यात मी तिथे गेले होते. मानोऱ्याहून एक गिऱ्हाईक आले, गाडी बंद पडत होती. पोराने सवयीने बॅटरीच्या वायरीकडे हात नेला. चाचांनी त्याचा हात धरला आणि गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, आरसी आहे का? गाडी कोणत्या सालची?"